दौलतच्या हातची स्प्रिंग

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी मागच्या दाराच्या कडीत तेल सोडत होतो. खामगावच्या आमच्या घराचं हे दार लावलं की कडी खट् वाजते आणि तो आवाज मला सोसत नाही. म्हणून मी अधूनमधून तिच्यात तेल घालत असतो. घरातल्यांना वाटतं, म्हाताऱ्याला चाळा लागला आहे. "काका, बाबा गेले," एवढंच प्रज्ञा म्हणाली. मी केव्हा, कसे, काहीच विचारलं नाही. दौलतची मुलगी रडत होती आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता विचारणारा कोणी उरला नाही... सुटलो. दुःख त्याच्या मागून आलं. हा क्रम मी लपवत नाही. लपवायचं असतं तर हे लिहायला बसलोच नसतो.

चिखलीला त्याच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीनं बसली होती, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. आमच्या बांधकाम खात्यातले एक निवृत्त सहकारी बोलायला उभे राहिले. दौलतराव सचोटीचे ओव्हरसियर होते, अंगावर आलेलं काम त्यांनी कधी ढकललं नाही, वगैरे खरंखुरं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "तरुणपणी कोकणात एक यंत्र दुरुस्त करताना त्यांच्या हातून चूक झाली, त्यात त्यांचा डोळा गेला. पण त्यांनी कधी कोणाला बोल लावला नाही." लोकांनी माना डोलावल्या. मीही त्याच ओळीत होतो. माझी मान हललेली कोणी पाहिली असेल तर सांगतो, ती हलली होती. पण ते बोलणं खोटं आहे. दौलतच्या हातून चूक झाली नव्हती.

त्याचे हात कसे होते ते आधी सांगितलं पाहिजे. दौलत जानेफळचा. चिखलीला मावशीकडे राहून शिकला आणि तिथल्या हायस्कुलात आम्ही एका बाकावर आलो. माझ्या वडिलांचा भाजीचा मळा होता, मला खुरपं सोडून काही धरता येत नसे. दौलतला मात्र वस्तू जवळ करायच्या. सायकलची घंटी, स्टोव्हचा पंप, टॉर्च, गजराचं घड्याळ, काहीही असो. तो आधी उघडत नसे. कानाशी धरून हळू हलवायचा, डोळे मिटायचा आणि मग म्हणायचा, "हाव, इथं दुखते याले." बाजारातल्या एका अडत्याच्या ओट्यावर त्याला पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत. तोच अडत्या एक दिवस आपलं भिंतीवरचं घड्याळ लेकरासारखं कवेत घेऊन मावशीच्या दारात उभा राहिला. दौलतनं ते चालू करून दिलं आणि विचारलं, "शेठ, पाणी पिता काय?" अडत्यानं तांब्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं... आणि प्यायला. त्यावर मी पुढे कित्येक दिवस हसत होतो. दौलत हसला नाही. तो म्हणाला, "कोनाले जमीन असते, कोनाले नाव असते. मले हे हायेत," आणि दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले.

आम्ही दोघं ओव्हरसियर झालो तेव्हा महाराष्ट्र नवा होता. आमच्या वडीलधाऱ्यांना अजून नागपूरकडे बघायची सवय होती, पण हुकूम मुंबईहून येऊ लागले होते, आणि त्या हुकमानं वऱ्हाडातली पोरं कोकणात जाऊन पडली. आम्हा दोघांची नेमणूक एका बंदराच्या गावी झाली. त्याआधी आम्ही समुद्र पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणजे पैनगंगेचा पूर, एवढीच आमची समज. एका विधवा काकूंच्या पडवीत आम्ही खोली घेतली. "मी जाऊन राह्यलो," असं दौलत म्हणाला की काकू विचारायच्या, "मग जाताय की राहताय? त्याप्रमाणे भात टाकीन." दौलत म्हणायचा, "काकू, जाऊन बी राह्यलो अन् जेवून बी राह्यलो." त्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

आमचे साहेब हौशी होते. रविवारी गुडघाभर लाटांत उभं राहून ते लांब काठीनं मासे धरायचे. त्यांच्या काठीला एक रीळ होतं, परदेशी बनावटीचं, मुंबईहून आणवलेलं. ज्यांनी असं रीळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिळावर तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला असतो आणि त्याच्यावरून तारेची एक अर्धगोल कमान जाते. दोऱ्याच्या टोकाचं वजनाचं शिसं लांब फेकायच्या आधी ही कमान हातानं उघडायची, म्हणजे तंगूस मोकळा सुटतो. मूठ फिरवली की कमान आपोआप मिटते आणि तंगूस परत गुंडाळला जातो. साहेबांच्या रिळाची कमान मिटेनाशी झाली होती. आतली स्प्रिंग तुटली होती. ते रीळ साहेब मुंबईला पाठवायच्या बेतात होते. दौलत म्हणाला, "पाहू द्या सायेब, एक डाव."

त्यानं काकूंचा उंदराचा सापळा मोडला. सापळ्याची पोलादी तार ताठ आणि चिवट असते, असं त्याचं म्हणणं. रोज संध्याकाळी कंदील जवळ घेऊन तो ती तार पकडीनं वळायचा, बसवून बघायचा, काढायचा, पुन्हा वळायचा. काकूंच्या घरात उंदीर मोकाट सुटले. त्या म्हणायच्या, "साहेबाला मासे मिळतील, मला उंदीर खातील." अखेर एका संध्याकाळी त्यानं मला हाक मारली. "वसंता, आयक." त्यानं कमान उघडली. ती उघडी राहिली. काठी जोरात फिरवली, तरी उघडी. मग मूठ फिरवली, आणि कमान मिटली. खट्. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही, त्याच्या लग्नातही नाही.

साहेब त्याला बंगल्यावर चहाला बोलावू लागले होते, मला नाही. माझ्या पोटात थोडं दुखत होतं. शनिवारी दुपारी दौलत बाजारात गेला होता. "सायबाची वस्तू हाय, हात नको लावू," असं तो मला सांगून गेला होता, आणि बहुधा म्हणूनच मी हात लावला. काठी घेऊन समुद्रावर गेलो. एकदा तरी फेकून पाहावं, एवढंच मनात होतं. पहिल्याच लाटेनं मला पाडलं आणि रीळ वाळूत रुतलं. उचलून मूठ फिरवली तर आत वाळू करकरत होती. मग मी ते धुतलं. मन लावून धुतलं. आमच्या मळ्यात दिवस संपला की कुदळ, खुरपं पाटाच्या वाहत्या पाण्यात धुऊन ठेवायचं, ही मला लहानपणापासून लावलेली शिस्त. तशीच मी ती कमान लाटेत धरून उघडली, मिटली, सांध्यांतून पाणी घातलं, करकर थांबेपर्यंत. टॉवेलनं पुसून रीळ जिथलं तिथं ठेवलं. पाणी म्हणजे पाणी. उलट आपण ते स्वच्छ करून ठेवलं म्हणून मी खूश होतो.

रविवारी साहेबांनी आम्हा दोघांना बरोबर नेलं. आपलं काम कसं चालतं ते बघायला दौलत त्यांच्या जवळ, जरा मागे, उभा होता. साहेबांनी कमान उघडली. ती पुरती मागे जाऊन बसली नव्हती, पण बघताना उघडीच दिसत होती. त्यांनी सगळा जोर लावून काठी फिरवली, आणि मध्येच कमान मिटली. खट्. सुटता सुटता तंगूस अडकला, ताणला गेला, आणि पुढे जायचं ते शिसं उलटं आलं... दौलत वाळूत खाली बसला. डाव्या डोळ्यावर तळहात होता, बोटांतून रक्त येत होतं. कोणी काही बोलायच्या आत तोच बोलला. "सायेब, चूक माहीच हाय. स्प्रिंग कमी पडली असन."

साहेब भले होते. ते म्हणत राहिले, अरे, तुझा काय दोष. पण त्या दिवसापासून चूक त्याची झाली, कारण त्यानं ती स्वतः उचलून घेतली होती.

मिरजेच्या दवाखान्यात त्याचा डोळा राहिला, नजर गेली. साहेबांनी ते रीळ माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, हे त्यालाच देऊन टाका, मला आता बघवत नाही. मी ते खोलीवर आणून ठेवलं. त्याच आठवड्यात मी नारळ सोलायचा कोयता चिखलानं भरला म्हणून समुद्रावर धुऊन आणला. काकूंनी तो हातात घेऊन पाहिला आणि कपाळाला हात लावला. "समुद्रात लोखंड धुतलंत? अहो, मिठाचं पाणी ते. विहिरीच्या पाण्यानं धुवा आधी, नाहीतर चार दिवसांत खाऊन टाकेल."

मी कोयता धुतला. मग खोलीचं दार लावून रिळाचा स्क्रू काढला. कमानीच्या सांध्यात पांढरं मीठ धरलं होतं आणि मिठात वाळूचे कण रुतले होते. त्यामुळे कमान मागे जाऊन पुरती बसत नव्हती, अर्ध्यावरच अडकून राहत होती. स्प्रिंगला काही झालं नव्हतं. वरून थोडा तांबूस गंज चढला होता, एवढंच. दौलतची स्प्रिंग जशी त्यानं वळली होती तशीच होती.

ते रीळ मी तसंच मिरजेला नेऊन त्याच्यापुढे ठेवू शकत होतो. त्यानं एकदा बोट फिरवलं असतं आणि त्याला सगळं कळलं असतं. मी तसं केलं नाही. मी रॉकेल घेतलं, काडीला चिंधी गुंडाळली आणि मिठाचा कणन्‌कण काढला. मग तेल घातलं. पहिली चूक माझ्या अडाणीपणाची होती. ही दुसरी अडाणीपणाची नव्हती. नोकरी कच्ची होती, साहेब काय म्हणतील, अशी कारणं मी पुढे स्वतःला खूप सांगितली. खरं कारण लहान होतं. उरलेल्या एका डोळ्यानं तो माझ्याकडे बघेल, ते मला नको होतं.

मिरजेला त्यानं खाटेवर बसून रीळ उघडलं, सांध्यातून बोट फिरवलं, कानाशी धरलं. "साफ हाय बे. काहीच नाई याच्यात. मंग मिटली काऊन?" मी म्हणालो, "होते एखाद्या वेळी." तो मान हलवत राहिला.

पुढे आमची आपल्या जिल्ह्यात बदली झाली. तो चिखलीला स्थायिक झाला, मी खामगावला. दौलतनं त्यानंतर कोणाची कसलीही वस्तू दुरुस्त केली नाही. शेजारी रेडिओ घेऊन यायचे, नातेवाईक घड्याळं आणायचे. तो हात मागे बांधून उभा राहायचा आणि म्हणायचा, "खामगावले न्या. माह्या हाताचं आता खरं नाई." माणसं हळूहळू यायची थांबली. ज्या दारात अडत्या घड्याळ कवेत घेऊन उभा राहिला होता, तसं त्याच्या दारात पुन्हा कोणी उभं राहिलं नाही. मी पाहत होतो. दर वेळी वाटायचं, आज सांगू. पण जितकं मागे पडत गेलं तितकं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता फक्त मीठ सांगून भागणार नव्हतं, रॉकेलही सांगावं लागलं असतं.

एकच वस्तू तो उघडायचा, ते रीळ. रविवारी आम्ही पैनगंगेच्या एका डोहावर जायचो. तो मरळ धरायचा, मी नुसता बसायचो. मासा नसेल लागत तर तो मांडीवर फडकं पसरून रीळ खोलायचा आणि आपली चूक शोधायचा. नवी स्प्रिंग वळायचा, बसवायचा, फेकून बघायचा. ती चालायची. मग आणखी अस्वस्थ व्हायचा. "हे बी चालते. थे बी चालत होती. मंग झालं काय?" हे तो माझ्याकडे बघून म्हणत नसे, पाण्याकडे बघून म्हणे. शेवटी एक दिवस त्यानं कमानच कापून टाकली. म्हणाला, जी वस्तू आपल्याला समजली नाही ती हाताशी कशाला ठेवायची. तेव्हापासून तो शिसं फेकून झालं की उजव्या हाताची तर्जनी पुढे करायचा, सुटलेला तंगूस बोटाच्या आकड्यात धरायचा आणि रिळावर आणून सोडायचा. ती लकब त्याच्या अंगातच भिनली. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बोलता बोलता त्याचं बोट आपोआप वाकायचं आणि काहीतरी ओढून जागेवर ठेवायचं.

आणि चालताना तो मला नेहमी सांगायचा, "माह्या डाव्या अंगानं चाल बे. तिकडचं तू पाह्यत जा." मी आयुष्यभर त्याच्या डाव्या बाजूनं चाललो. बैल आला, खड्डा आला, की सांगायचो. लोक म्हणायचे, मैत्री असावी तर अशी. अंत्ययात्रेतही माझे पाय आपोआप डावीकडेच गेले.

आमची शेवटची भेट चिखलीला, त्याच्या खाटेशी झाली. तो फार खंगला होता. पांघरुणावर त्याचं बोट वाकत होतं आणि सरळ होत होतं. त्याची बायको, कौसल्यावहिनी, चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा त्यानं डोळा उघडला आणि या वेळी पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"वसंता, म्या काय चुकलो होतो बे त्या दिवशी?"

"काहीच नाही चुकला," मी म्हणालो.

"मंग?"

त्या "मंग"ला उत्तर होतं. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं... वहिनी चहा घेऊन आल्या आणि मी कप घेतला. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग डोळा मिटला.

कार्यक्रमानंतर माणसं पांगली, तेव्हा मी वहिनींना थांबवून सगळं सांगितलं. शनिवार, लाट, मीठ, रॉकेल, सगळं. प्रज्ञा बाजूला उभी होती. झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या घरचा पंखा बी म्या दुसऱ्याकून करून आनत होती. ह्ये हात लावत नव्हते." मग म्हणाल्या, "मले कायले सांगता? त्यायनं तं विचारलं होतं तुमाले. म्या दाराआड आयकलं. चहा उकळून राह्यला होता, तरी म्या लवकर आत आली नाई, तुमी सांगान म्हनून."

त्या आत गेल्या. मला वाटलं, आता मी निघावं. पण त्या रीळ लावलेली काठी आणि बिस्किटाचा एक जुना डबा घेऊन आल्या. डब्यात त्या कापलेल्या कमानीची तार होती, घासून लखलखीत ठेवलेली, तिच्या जोडणीच्या तुकड्यांसकट. खाली स्प्रिंगा होत्या, त्यानं वर्षानुवर्षं वळलेल्या, दोऱ्यात ओवलेल्या. आणि एक वेगळी, काळी पडलेली, लाल दोऱ्यानं बांधलेली. ती मी ओळखली. काकूंच्या सापळ्याची.

"हे बसवा," लाल दोऱ्याची ती स्प्रिंग माझ्या हातात देत वहिनी म्हणाल्या.

मी तुकडे फडक्यावर मांडले. प्रज्ञानं स्क्रू धरले, मला सुचेल तसं मी सांगत गेलो. संध्याकाळ होत आली तेव्हा कमान जागेवर बसली. आम्ही अंगणात आलो. कोकणात दौलत जिथे उभा होता, तसा मी वहिनींच्या जवळ, जरा मागे, उभा राहिलो. त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं नाही. त्यांनी कमान उघडली आणि त्या वयाला झेपेल तेवढ्या जोरानं काठी फिरवली. कमान उघडी राहिली. पुन्हा फिरवली. उघडीच. दम लागेपर्यंत त्या फिरवत राहिल्या. मग थांबल्या आणि मूठ अर्धी वळवली.

खट्.

"चांगली होती की," त्या म्हणाल्या. "लोकाइमंदी त्यायच्या हाताचं नाव गेलं, भाऊजी. तुमी लोकाइमंदीच सांगा. पेपरात लिवा."

म्हणून हे लिहिलं. क्षमा मागायला नाही, ती ज्याच्याकडे मागायची तो वाट पाहून गेला. दौलतनं ते रीळ बरोबर दुरुस्त केलं होतं. त्याच्या हातून चूक झाली नव्हती. ज्यांनी ज्यांनी उलट ऐकलं असेल त्यांनी आता असं ऐकावं.

रीळ चिखलीला वहिनींच्या फळीवर आहे, कमानीसकट. मी खामगावला परत आलो त्या रात्री सुनेनं मागचं दार लावलं आणि कडी वाजली. तेलाची बाटली तिथेच कोनाड्यात होती. मी ती हातात घेतली, आणि परत ठेवली. तेव्हापासून कडीला तेल घातलेलं नाही. वाजते ती रोज... वाजू दे.